थांबाभाभी

माझ्या बायकोने उभ्या जन्मात कुणाला धड हो म्हटलं नाही आणि धड नाहीही म्हटलं नाही. ती थांबा म्हणायची. चहा मागितला, थांबा. एसटी सुटायला आली, थांबा. मुलीला बघायला पाहुणे दारात उभे, तरी आतून आवाज, थांबा. आमच्या दुकानात गळाचे रॉड बनवून घ्यायला पुण्या-साताऱ्याकडची माणसं यायची, त्यांनीच तिचं नाव थांबाभाभी पाडलं. उंब्रजच्या स्टँडवर उतरून कुणी थांबाभाभीचं घर विचारलं की रिक्षावाला सरळ आमच्या दारात आणून सोडायचा. माझं नाव घेतलं तर चार जणांना विचारावं लागायचं.

मला त्या शब्दाचा लय राग यायचा. अजूनही येतो. ती जाऊन आठ महिने झाले आणि मी हे लिहायला बसलो ते तिचे गोडवे गायला नाही. तिनं मागं एक रॉड ठेवला होता. दोरा बांधून झालेला, वरून इपॉक्सी लावायची राहिलेली. तिच्या हातचा शेवटचा. तो मला पुरा करायचा होता आणि ते काम मला येत नव्हतं. अठरा वर्षं माझ्या नाकासमोर चाललेलं काम, तरी येत नव्हतं. आता याला काय म्हणायचं ते म्हणा.

ज्यांना माशाचा नाद नाही त्यांना सांगतो. रॉडच्या अंगावर ओळीनं कड्या असतात, त्यातून गळाची दोरी जाते. मासा ओढायला लागला की सगळा जोर त्या कड्यांवर येतो. म्हणून कडीचा पाय रॉडवर ठेवून त्यावर बारीक नायलॉनचा दोरा गुंडाळायचा, वेढ्याला वेढा चिकटवून, मधे केसाइतकी फट नको. मग त्या दोऱ्यावर इपॉक्सी चढवायची. दोन बाटल्या असतात, एक राळेची, एक हार्डनरची. दोन्हींतलं सारखं घेऊन कालवायचं, ब्रशनं दोऱ्याला लावायचं आणि आवळून येईपर्यंत रॉड गोल फिरवत ठेवायचा. फिरवला नाही तर ती मधासारखी खाली उतरते आणि कडीखाली पोट सुटतं. सुकली की काच. लिहायला एवढंच आहे. करायला बसलं की माणसाचं टाळकं फिरतं.

मी शिरवळला कारखान्यात लेथवर होतो. कारखाना उठला तसा गावी आलो आणि पुढच्या खोलीत एक जुना लेथ टाकला. शाळा चौथीपर्यंत, पण हाताला माप होतं. नदीवर गळ टाकायचा नाद लहानपणापासूनचा. साताऱ्याचे एक जनावरांचे डॉक्टर त्याच नादातले. कोयनेच्या पाण्यावर जाता-येता आमच्याकडे बसायचे. त्यांनी मुंबईहून कोऱ्या काठ्या मागवल्या आणि म्हणाले, "चाचा, बुचाची मूठ तुम्ही लेथवर फिरवाल, पण कड्या कोण बांधणार?"

आतून आवाज आला, "थांबा, मला बघू तरी द्या."

तिचं माहेर मिरजेचं. बाप सतारी करायचा. सतारीच्या दांडीवर पितळी पडदे असतात, ते दोऱ्यानं बांधतात. परकर नेसायच्या वयापासून तिच्या बोटांना तेच वळण. तिनं ती काठी हातात घेतली, बुडापासून शेंड्यापर्यंत बोट फिरवलं आणि म्हणाली, "ही तर दांडीच की वो. पडदे तेवढे निराळे हायत." मरेपर्यंत कड्यांना ती पडदेच म्हणाली. पुण्याचा कुणी साहेब दुरुस्तीला रॉड घेऊन आला की विचारायची, "कुठला पडदा सैल झालाय?" आणि तो बिचारा आमच्या खिडकीकडे बघायचा.

पहिला रॉड तिनं दोन दिवसात बांधला. डॉक्टर खुशीत कोयनेला गेले. तिसऱ्या दिवशी परत आले ते रॉड दोन्ही हातांवर आडवा धरून, मयत आणल्यासारखा. सगळ्या कड्या सरकून एका जागी गोळा झाल्या होत्या.

"भाभी, मासाही गेला आणि कड्याही निघाल्या."

"सरकनारच की," ही म्हणाली. "पडदा सरकला न्हाई तर सूर कसा लावायचा?"

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले, मी तिच्याकडे. सतारीचा पडदा वरखाली करता यावा लागतो, म्हणून तो बेतानं बांधतात. हिनं रॉडचाही तसाच बांधला होता, आणि मनापासून बांधला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला त्याचं काही नाही. "मग आदी सांगायचं ना," ती मलाच म्हणाली, "ही दांडी गानार न्हाई म्हणून." डॉक्टर इतके हसले की खाली बसले. पुढं कित्येक वर्षं ते दारातूनच ओरडायचे, "भाभी, आमची सतार झाली का?" आतून ठरलेलं उत्तर यायचं.

मग डॉक्टरांनीच इपॉक्सीच्या बाटल्या आणून दिल्या आणि सोबत म्हशीला टोचायच्या दोन मोठ्या सिरिंजा, सुया काढून. हार्डनरच्या सिरिंजेला तिनं लाल दोरा बांधला. राळेची राळेला, लाल दोऱ्याची हार्डनरला, अदलाबदल झाली तर माझ्या हातून घर जळल्यासारखा आरडाओरडा. मी लेथवरचा माणूस, मला ते पिचकारीचं काम पोरखेळ वाटायचं. मी एक छोटा इलेक्ट्रिक काटा आणला. म्हटलं, "यावर मोज. गुंजभर फरक दाखवतोय." तिनं काट्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "थांबा वो, तुमचा काटा हळदीला ठेवा." का ते सांगितलं नाही. ती कधीच का ते सांगायची नाही, हाच तर माझा संताप होता. करून दाखवायची. बघणाऱ्याला डोळे असतात असा तिचा समज. मला नव्हते.

कालवताना घाई केली की बुडबुडे धरतात. ती काडी इतकी सावकाश फिरवायची की मला उठून बाहेर जावंसं वाटायचं. कालवून झालं की कपात ठेवायची नाही, लगेच ताटलीत पसरायची, कारण कपात साठली की ती आतल्या आत तापून आवळते. ब्रशाला टिपूसभर घ्यायची. मी म्हणायचो, एकदाच जाड थर दे आणि मोकळी हो. तिचं वाक्य ठरलेलं होतं, "दोऱ्याला पाजायचं असतंय, न्हाऊ घालायचं नसतंय." पहिला हात दोऱ्यानं पिऊन टाकायचा, दुसरा हात वरून चकाकीला. तरी एखादा बुडबुडा राहिलाच तर त्याच्यावर फुंकर नाही मारायची. तोंड उघडून श्वास सोडायची, चष्म्याची काच पुसताना सोडतात तसा. तेवढ्या उबेनं बुडबुडा फुटायचा. रोजे चालू असले तरी ती याला बसायची. मी म्हणायचो, उपाशी माणसाच्या श्वासात काय ऊब असणार. मान वर न करता म्हणायची, "तुमच्या तोंडात लय हाय, या इकडं." पण मला बोलावून कधी करू दिलं नाही.

रॉड फिरवायला मी मोटर केली होती. कराडच्या भंगारातून मायक्रोवेव्हमधली ताटली फिरवणारी मोटर आणली आणि लाकडी घोड्यावर बसवली. झकास चालायची, वीज असेपर्यंत. एका दुपारी दोन रॉड चढवलेले आणि वीज गेली. मी नदीवर होतो. नेमकी माझी बहीण कराडहून आली, सोबत सासरची दोन माणसं. मी घरी आलो तर पाहुणे ओसरीवर कोरड्या घशानं बसलेले, आणि ही आत पाट टाकून, एका हातानं एक रॉड आणि दुसऱ्या हातानं दुसरा फिरवत बसलेली.

बहीण माझ्यावरच घसरली. "दादा, तुझ्या बायकोनं पानी इचारलं न्हाई आमाला. दोन तास झालं. म्हनती थांबा."

आतून ही म्हणाली, "आवं वन्सं, मडकं तितंच हाय. हात माझं गुतल्यात, तुमचं मोकळं हायत."

बहीण वर्षभर बोलली नाही. त्या दोन रॉडांवर मात्र कुठंही पोट सुटलं नाही. मी चिडून म्हटलं, रॉड काय, परत करता आला असता. तेव्हा ती मनगटं चोळत म्हणाली, "पाव्हणं पन परत येत्यात." वर्षानं बहीण आली, तेव्हा स्वतःच्या हातानं मडक्यातलं पाणी घेऊन प्याली आणि मग दोघी हसल्या. मी मधल्या मधे वाईट.

बांधणीच्या बाबतीत तर ती माणूसच नव्हती. दोऱ्यात एखादी फट दिसली, वेढ्यावर वेढा चढला, की पुरी कडी सोडायची. ब्लेड घेऊन सर्रकन कापायची. मी म्हणायचो, कुणाला दिसतंय? म्हणायची, "आता न्हाई दिसत. इपॉक्सी प्याला की दोरा आरपार दिसतोय. तवा समदं वर येतंय." तीनतीनदा कापून बांधलेल्या कड्या मी बघितल्या आहेत. गिऱ्हाईक दारात, मी लाजेनं चूर आणि ही आतून, थांबा.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी नवीन रॉड सांगितला. त्यांचा तो म्हातारपणीचा, हलका, पांढऱ्या दोऱ्याचा. तो बांधायला बसली तेव्हापासून तिचा डावा हात दुखायचा. खांद्यापासून खाली. मी म्हटलं कराडला दवाखान्यात जाऊ. "बसून बसून हात भरलाय. थांबा, डॉक्टरांचा रॉड हातावेगळा होऊ द्या, मग जाऊ." चार दिवसांनी परत म्हटलं. थांबा. सांगलीला दिलेल्या मुलीनं फोनवर सांगितलं, तिलाही थांब.

आणि मी थांबलो. माणूस आयुष्यभर ज्या शब्दावर चिडतो तो नेमका नको तेव्हा ऐकतो. ओढून न्यायला पाहिजे होतं. रिक्षात कोंबून न्यायला पाहिजे होतं. रॉड पुरा बांधून झाला, तिनं तो घोड्यावर ठेवला, म्हणाली उद्या इपॉक्सी. सकाळी न्हाणीपाशी खाली बसली ती उठली नाही. कराडला नेईपर्यंत संपलं होतं.

मुलगी म्हणते, अब्बा, ते चिकट सामान फेकून द्या आणि सांगलीला या. डॉक्टर म्हणाले, चाचा, घाई नाही. लोकांचं म्हणणं ठीक आहे. पण तो रॉड रोज माझ्यासमोर घोड्यावर पडून. नुसता दोरा किती दिवस टिकणार? धूळ बसते, दमट हवा लागते, बोट लागलं की सरकतो. तिची बांधणी माझ्या डोळ्यादेखत पिवळी पडायला लागली. म्हणून आठ महिन्यांनी मी बाटल्या काढल्या.

काटाही काढला. एवढं सगळं सांगूनही मी काटाच काढला बघा. राळ तोलून घेतली, हार्डनर तोलून घेतला, गुंजेचा फरक नाही. सावकाश कालवली, ताटलीत पसरली, पाजली, न्हाऊ घातलं नाही. मोटरपाशी दिवसभर बसलो. वीज गेली नाही. मला वाटलं, जमलं.

दुसऱ्या दिवशी बोट लावलं तर बोटाचा ठसा उमटला. तिसऱ्या दिवशी तेच. आठवड्यानं तेच. ओल्या गुळासारखी चिकट आणि गढूळ, खालचे वेढेसुद्धा दिसेनात. एक चिलट येऊन बसलं ते तिथंच अडकलं, ते चिमट्यानं काढताना मी रडकुंडीला आलो. उन्हात धरून बघितलं, दिव्याखाली धरून बघितलं. त्या शुक्रवारी कबरस्तानात गेलो, दुवा वाचला आणि तिला म्हणालो, एक शब्द सांगून गेली असतीस तर तुझं काय जात होतं? बाजूला फुलं घालणारा एक माणूस माझ्याकडे बघायला लागला. बघू दे.

शेवटी डॉक्टरांना फोन केला. लपवून काय उपयोग, रॉड त्यांचा.

"चाचा, दोन्ही भाग घेतले कशानं?"

"काट्यावर. एकदम बरोबर."

ते म्हणाले, "अहो, वजनावर नसतं ते, मापावर असतं. हार्डनर हलका. वजनाला सारखा घेतला म्हणजे मापाला जास्त पडला. तो आता जन्मात सुकायचा नाही. म्हणून तर भाभींना सिरिंजा दिल्या होत्या."

अठरा वर्षांनी कळलं, हळदीला ठेवा म्हणजे काय.

"जाऊ द्या," ते म्हणाले. "दोरा कापून टाका, काठी पुसून घ्या. मी सांगलीला एकाकडून नव्यानं बांधून घेतो."

"कापायचं न्हाई," मी म्हणालो. जरा मोठ्यानंच म्हणालो असेन.

"चाचा, चिकट रॉड घेऊन मी काय करू?"

"तुमी काय बी करा. तिच्या दोऱ्याला ब्लेड लागणार न्हाई."

डॉक्टर भले माणूस. म्हणाले, "मग एक करून बघा. त्याच्यावरच दुसरा हात द्या, मापात घेऊन. वरचा घट्ट बसला तर खालचा आत कोंडून राहील. पण तोही चिकटला, तर मग कापावंच लागेल. तेव्हा माझ्याशी भांडायचं नाही."

सिरिंजा तिच्या डब्यात होत्या. लाल दोऱ्याची हार्डनरला, साधी राळेला. कोपर पाटावर टेकून रेघेला रेघ मिळवली, दोनदा परत सोडून परत ओढली. लेथवर उभ्या आयुष्यात एवढा घाबरलो नव्हतो. बिस्मिल्ला म्हणून कालवायला लागलो. फोन बंद केला. दारावर कुणी हाक मारली, ओ दिली नाही. शेंड्याकडच्या कडीवर तीन बुडबुडे राहिले होते, त्यांच्यावर तोंड उघडून श्वास सोडला. एक फुटला. परत सोडला, दुसरा फुटला. तिसरा काही केल्या फुटेना. त्याला दोन शिव्या दिल्या, त्यातच फुटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नख लावलं. टक् आवाज आला. परत लावलं, टक्. एकेका कडीला लावत गेलो. सगळीकडं टक्.

मग रॉड दारात उजेडाला नेला. वरच्या हातानं खालचा गढूळपणा गेला होता आणि तिनं सांगितलं होतं तसा दोरा आरपार दिसत होता. पहिली कडी, दुसरी, तिसरी, मशीनला जमणार नाही असे वेढे. वर सरकत गेलो. शेंड्याची शेवटची कडी बघितली आणि परत बघितली. चष्मा पुसून बघितली. वेढ्यात फट होती. एक नाही, दोन. आणि एका जागी वेढ्यावर वेढा चढलेला. दोरा ताणून धरायचा तो डावा हात. तो जागोजाग सुटला होता.

केसाएवढ्या फटीला ब्लेड काढणारी बाई. तिनं ती फट बघितली नाही असं होणारच नाही. बघितली आणि तशीच ठेवली, कारण परत बांधायचं बळ नव्हतं. तरी मला म्हणाली, झाला, उद्या इपॉक्सी. आणि मी पलीकडे लेथवर बुचाचा भुसा उडवत होतो, चार हातांवर. मग आठ महिने तो रॉड रोज बघत होतो. दोरा कोरा होता म्हणून दिसलं नाही, असं म्हणून सुटता येईल. पण तिचा हात काही कोरा दोरा नव्हता.

रविवारी डॉक्टर आले. आता काठी टेकत येतात. दारातून ते सतारीचं ओरडणं नाही, नुसते येऊन बसले. मी रॉड त्यांच्या हातात दिला. बोटानं एकेक कडी चाचपत गेले, मान डोलवत होते. "घट्ट बसलंय. चाचा, जमलं की तुम्हाला." शेंड्यापाशी त्यांचा अंगठा थांबला. रॉड खिडकीकडे धरून एक डोळा मिटून त्यांनी बघितलं.

"चाचा, ही कडी?"

"ती मी बांधली," मी म्हणालो. "शेंड्याची तेवढी एक तिच्याकडून बांधायची राहिली होती."

"तरीच," ते म्हणाले. "भाभींनी असं सोडलं नसतं."

"ती कशाला सोडंल," मी म्हणालो. "माझाच हात कच्चा."